पापड आणि कुरडई

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खिडकीबाहेर बर्फ साचलेला असतो आणि मी जून महिना आखत बसलेली असते. इंडियाना राज्यातल्या एका विद्यापीठात मी संख्याशास्त्र शिकवते. संध्याकाळच्या एमबीएचं उन्हाळी वेळापत्रक लावायचं कामही गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. ते मी मागून घेतलेलं नाही. विभागात नवी होते, नाही म्हणायचं धाडस नव्हतं, म्हणून गळ्यात पडलं. तेव्हा वाटलं होतं, चौकटी भरायच्या आणि मोकळं व्हायचं.

मी स्वतः पुण्यात एमबीए केलं तेव्हा उन्हाळ्यात वर्ग नव्हतेच. पहिलं वर्ष संपलं की आठ आठवडे प्रोजेक्ट. भोसरीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी नट-बोल्टांच्या नोंदी तपासत बसायचे. इथेही दिवसभराचं, दोन वर्षांचं एमबीए करणारी मुलं उन्हाळ्यात इंटर्नशिपला जातात. त्यातली भारतातून आलेली मुलं वसंत सत्र संपत आलं की हमखास विचारतात, ‘मॅडम, उन्हाळ्यात एकही कोर्स नाही घेतला तर व्हिसाला काही होणार नाही ना?’ वर्षभराचा पूर्ण अभ्यासक्रम केलेला असेल आणि पुढच्या सत्रात परत यायचं असेल, तर उन्हाळा ही सुट्टीच धरली जाते, हे सांगितलं की त्यांचा चेहरा सैल होतो.

संध्याकाळच्या वर्गाची गोष्ट वेगळी. ही माणसं तिशी-चाळिशीतली, दिवसभर नोकरी करणारी. कुणी रुग्णालयात परिचारिकांची प्रमुख, कुणी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांना इंटर्नशिपची गरज नसते. त्यांना हवी असते पदवी, लवकरात लवकर आणि परवडेल अशी. परवडण्याचाही एक हिशोब आहे. नोकरी देणाऱ्याने शिक्षणासाठी दिलेल्या पैशांपैकी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या रकमेवर इथे कर लागत नाही, आणि हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर मोजतात. बरीच वर्षं हाच आकडा चालत आला. त्यामुळे कोणता कोर्स कोणत्या सत्रात घ्यायचा, फी कोणत्या वर्षात पडेल, याची गणितं विद्यार्थी माझ्यापेक्षा चोख मांडतात. एका डोक्यात अभ्यास आणि दुसऱ्या डोक्यात पावत्या घेऊन ही माणसं वर्गात येतात. उन्हाळ्यात मुलांच्या शाळांना सुट्टी लागते, ते तिसरं ओझं.

आता माझं गणित. तीन क्रेडिटचा विषय म्हणजे आमच्याकडे वर्गातले ४५ तास. एरवी १५ आठवडे, दर आठवड्याला तीन तास. उन्हाळ्यात तोच विषय सात आठवड्यांत बसवायचा तर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, दर वेळी सव्वातीन तास. त्यात मे महिन्यातला शेवटचा सोमवार सुट्टीचा, चार जुलै सुट्टीचा, आणि २०२१ पासून १९ जूनही. या सुट्ट्या वर्गाच्या दिवशी येऊ नयेत म्हणून मी कॅलेंडर लग्नाचा मुहूर्त काढावा तशी चाळते. एवढं करून ४५ तास भरले की कागद खूश होतो.

पण वर्गातल्या एका तासामागे घरी किमान दोन तासांचा अभ्यास, हे क्रेडिटच्या व्याख्येतच गृहीत धरलेलं आहे. म्हणजे आणखी ९० तास. सात आठवड्यांत वाटले तर आठवड्याला तेरा. वर्गाचे साडेसहा धरून वीस तासांच्या आसपास, आणि हे चाळीस तासांच्या नोकरीवर. हा आकडा मी पहिल्या वर्षी काढलाच नव्हता. चौकटीत मावलं म्हणजे डोक्यातही मावेल, असं मी धरून चालले होते.

त्या पहिल्या उन्हाळ्यात मी संख्याशास्त्र सात आठवड्यांत बसवलं. विषय सक्तीचा, त्यामुळे वर्ग भरणार ही खात्री होती. उन्हाळ्यात वर्ग भरणं महत्त्वाचं असतं. आमचा पगाराचा करार नऊ महिन्यांचा. उन्हाळ्यात शिकवलं तर मानधन वेगळं, आणि पुरेशी नावं आली नाहीत तर वर्ग रद्द. वर्ग भरला, मी शिकवलं, निकालही बरा लागला. शेवटच्या दिवशी ती परिचारिका-प्रमुख थांबली. तक्रारीचा सूर नव्हता. म्हणाली, ‘सोमवारी शिकलेलं बुधवारपर्यंत नीट कळायचं नाही, आणि बुधवारी त्यावर पुढचं रचलं जायचं. पास झाले मी, पण मला चुकायला वेळच मिळाला नाही.’

ते वाक्य घेऊन मी घरी आले. वर्गात मी काही गाळलं नव्हतं. एकूण एक धडा शिकवला होता. वर्ग सुटल्यापासून पुढचा वर्ग भरेपर्यंत त्यांचं काय होतं, तिथवर मात्र मी कधी पोचलेच नव्हते.

सांगलीला आमच्या घरी उन्हाळ्याचंही वेळापत्रक असायचं, आणि ते आई लावायची. कागदावर काही नसे. पापडांचा दिवस ठरला की गल्लीतल्या सात-आठ बायका पोळपाट-लाटणी घेऊन यायच्या. पीठ कुटून तयार, आम्हा मुलांकडे लाट्या पळवायचं काम. दुपारपर्यंत अंगण पापडांनी भरून जायचं. जितके हात जास्त, तितकं काम झटपट, आणि गप्पांनी ते आणखी रंगायचं. कुरडयांचं तसं नव्हतं. गहू तीन दिवस भिजायलाच हवा. रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, तो रात्रभर ठेवायचा, सकाळी वरचं पाणी ओतून मग शिजवायचा. एका वर्षी कुणाच्या तरी लग्नाला जायचं म्हणून आईने दोनच दिवसांत गहू वाटला. चीक जेमतेम निघाला आणि कुरडया तळताना फुलल्या नाहीत. मदतीला हात कमी नव्हते. गहू भिजायचा होता, आणि तिथे हातांचं काही चालत नाही.

त्या परिचारिका-प्रमुखाचं वाक्य ऐकल्यापासून वेळापत्रकाकडे मी असं बघू लागले. काही विषय पापडासारखे असतात. वाटाघाटींचा कोर्स घ्या. अर्धा वर्ग विकणारा, अर्धा घेणारा. सोमवारी एकाने दुसऱ्याला गंडवलेलं असतं, ते बुधवारी दोघांच्याही लक्षात असतं. तो कोर्स १५ आठवड्यांत पसरला की थंड होतो. दाटीवाटीने घेतला की रंगतो. आठवडाभर कारखाने हिंडून करायचा कोर्स, एकाच प्रकल्पाभोवती बांधलेला कोर्स, हे सगळे उन्हाळ्याचेच. संख्याशास्त्र, हिशेबशास्त्र, वित्त यांचा गहू मात्र भिजावा लागतो. तिथे उद्याचं आजच्यावर उभं असतं, आणि मधला काळ रिकामा दिसला तरी शिकणं त्या काळातच मुरतं.

यात उन्हाळ्याचा स्वतःचा दोष नाही. शिकागो विद्यापीठ १८९२ मध्ये सुरू झालं तेव्हाच पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी वर्षाचे चार भाग केले आणि उन्हाळा हा त्यातला एक, इतरांच्या बरोबरीचा भाग ठरवला. आमच्यासारखी दोन सत्रांची विद्यापीठं उन्हाळ्याला उरलेली जागा देतात. मे मध्यापासून ऑगस्ट मध्यापर्यंत जेमतेम बारा-तेरा आठवडे, आणि त्यातही दोन तुकडे पाडायचा मोह, कारण दोन तुकड्यांत दोन कोर्स विकता येतात.

पुढच्या जानेवारीत मी बैठकीत मांडलं की संख्याशास्त्र सात आठवड्यांत नको. बारा आठवडे, दर मंगळवारी एकच लांब संध्याकाळ, पावणेचार तास. तास तेवढेच, ४५. विभागप्रमुखांनी विचारलं, ‘मग फरक काय?’ मी म्हटलं, ‘दोन वर्गांच्या मधे सहा दिवस.’ ते सगळ्यांना पटलं असं नाही. एका सहकाऱ्याचा मुद्दा खरा होता. उन्हाळ्यात एकापाठोपाठ दोन कोर्स करून लवकर सुटू पाहणाऱ्यांची वाट मी अडवत होते. झालंही तसंच. एका विद्यार्थ्याची पदवी एका सत्राने लांबली, आणि त्याची बढती पदवीवर अडलेली होती. त्याला मी गव्हाची गोष्ट सांगितली नाही. त्याच्यापुढे ती सांगायचा मला हक्क नव्हता.

एक किंमत माझ्याही वाट्याला आली. बारा आठवड्यांचा वर्ग म्हणजे शिकवणारीचा सगळा उन्हाळा अडकला. माझा मे-जूनमधला सांगलीचा फेरा तेव्हापासून बंद आहे. आता मी डिसेंबरात जाते. तेव्हा डब्यात कुरडया तयार असतात, पण त्या घालताना मी नसते. आई एवढंच म्हणते, ‘उन्हाळ्यात सुट्टी नसणारी ही कसली गं तुमची शाळा?’

आणखी एक बदल मी केला, आणि तो बैठकीत फारसा गाजावाजा न करता. बारातल्या सातव्या मंगळवारी मी नवं काही शिकवत नाही. प्रत्येकाने आपल्याच जुन्या उत्तरांमधली दोन चुकलेली गणितं आणायची आणि शेजाऱ्याला सांगायचं, आपण नेमके कुठे वळलो. पहिल्या वर्षी मी भीतभीत ठेवला होता हा वर्ग. वाटलं, फी भरून आलेली माणसं विचारतील, आज शिकवलं काय? कुणी विचारलं नाही. त्या दिवसांत इथे सूर्य रात्री नवाच्या पुढे मावळतो. वर्गाची वेळ संपली तरी बाहेर लख्ख उजेड होता, आणि मागच्या बाकावरचा इंजिनिअर शेजारणीला सांगत होता, ‘थांब, हे मी मागच्या महिन्यात पण असंच चुकलो होतो.’ मी पिशवी भरली, आणि ती खांद्याला लावून थोडा वेळ दारातच उभी राहिले.