नकारानंतरचें कर्तव्य

अन्यायास 'नाहीं' म्हणणाऱ्या मनुष्यास जग एक ठराविक प्रश्न विचारीत असतें : "याहून चांगली व्यवस्था तुमच्यापाशीं आहे काय? नसेल तर उगाच कलह कां माजवितां?" गेल्या शतकाच्या अखेरीस जागतिक व्यापाराच्या नव्या घडीविरुद्ध जीं आंदोलनें झालीं, त्यांच्या पुढाऱ्यांसही हाच प्रश्न पुनःपुन्हां विचारण्यांत आला. वस्तुतः हे दोन प्रश्न आहेत. पर्याय हातीं नसतां विरोध करणें नीतीस धरून आहे काय? आणि विरोध सफल झाल्यावर विरोधकाचें कर्तव्य संपतें काय? पहिल्याचें उत्तर 'होय' असें देणारे लोक बहुधा दुसऱ्याचेंही तसेंच देऊन मोकळे होतात. आमच्या मतें तेथेंच त्यांची चूक होते.

दक्षिण अमेरिकेंतील बोलिव्हिया देशांत कोचाबांबा नांवाचें शहर आहे. तेथील पाणीपुरवठा खाजगी हातीं सोंपवावा असा जागतिक बँकेचा आग्रह होता. त्यास अनुसरून १९९९ सालीं सरकारनें तो चाळीस वर्षांच्या करारानें एका कंपनीस दिला. अमेरिकेंतील बलाढ्य बेक्टेल कंपनीचा तींत मोठा हिस्सा होता. २००० च्या जानेवारींत नवीं बिलें आलीं, तेव्हां कित्येक कुटुंबांवरील आकार दुपटीच्या घरांत गेला होता. शिवाय लोकांनीं स्वकष्टानें खोदलेल्या विहिरी व पाटही नव्या कायद्यानें आपल्या हातून जातील, अशी धास्ती आसपासच्या खेड्यांतून पसरली. कामगार, शेतकरी, विद्यार्थी असे सारे रस्त्यावर उतरले. जोड्यांच्या कारखान्यांतील एक कामगार, ऑस्कर ऑलिव्हेरा, त्यांचा पुढारी झाला. एप्रिलमध्यें सरकारनें आणीबाणी पुकारली. गोळीबारांत सतरा वर्षांचा एक मुलगा मारला गेला. आणि अखेर १० एप्रिल रोजीं सरकारला करार मोडावा लागला. कंपनीनें आंतरराष्ट्रीय लवादाकडे नुकसानभरपाईचा दावा लावला, परंतु २००६ सालीं नाममात्र मोबदल्यावर तोही तिला सोडून द्यावा लागला.

ऑलिव्हेरा कांहीं पाणीपुरवठ्याचा इंजिनियर नव्हता. म्हणून त्याला विरोधाचा अधिकार नव्हता काय? ज्याच्या पायावरून गाडीचें चाक जात आहे, त्यानें ओरडण्यापूर्वीं रस्ता कसा बांधावा हें सांगितलें पाहिजे, असें कोणी म्हणत नाहीं. करार करतांना ज्यांची संमति घेतली नाहीं, त्यांच्याकडून करार मोडतांना मात्र योजना मागावयाची, हा न्याय नव्हे. दुःख सोसणाऱ्याचा नकार बिनशर्त असतो. येथपर्यंत आंदोलकांच्या बाजूनें आमचा निवाडा स्पष्ट आहे.

परंतु कोचाबांबाची हकीकत येथें संपत नाहीं. पाणीपुरवठा पुन्हां सार्वजनिक संस्थेकडे आला, तिच्या कारभारांत नागरिकांचे प्रतिनिधिही घेण्यांत आले. तथापि जुनी गळती, जुनी वशिलेबाजी आणि पैशाची जुनी तूट यांनीं संस्थेची पाठ सोडली नाहीं. शहराच्या दक्षिणेकडील गरीब वस्त्यांत नळ पोहोंचलेच नव्हते. तेथील हजारों कुटुंबें पुढें अनेक वर्षें नळाच्या पाण्याहून महाग दरानें टँकरचें पाणी विकत घेत राहिलीं. ते लोक कंपनीच्या अमदानींत तहानलेले होते, आणि विजयानंतरही तहानलेलेच राहिले. विजयोत्सव एका रात्रींत आटोपतो. नळाच्या कामास वर्षें लागतात, आणि त्यांत टाळ्या मिळत नाहींत.

दुसरा धडा सिअॅटलचा. ३० नोव्हेंबर १९९९ रोजीं अमेरिकेंतील त्या शहरांत जागतिक व्यापार संघटनेची परिषद सुरू व्हावयाची होती. सुमारें ४०,००० निदर्शकांनीं रस्ते अडविले, उद्‌घाटनाचा समारंभ रद्द झाला, आणि चार दिवसांनीं परिषद कांहींही न ठरतां मोडली. निदर्शकांनीं हा आपला विजय मानला. परंतु रस्त्यावरील अमेरिकन कामगारसंघांची एक प्रमुख मागणी अशी होती कीं, व्यापाराच्या करारांत मजुरांच्या हक्कांचीं कलमें घालावींत. सभागृहाच्या आंत भारताचे व्यापारमंत्री मुरासोली मारन आणि इतर गरीब देशांचे प्रतिनिधि याच मागणीस विरोध करीत होते. तिच्या आडून आपल्या मालास दार बंद होईल अशी त्यांना भीति होती. मोजक्या देशांच्या बंद दारांआडील वाटाघाटींतून आपणांस वगळलें, हाही त्यांचा राग होता. बाहेरचा मजूर आणि आंतील गरीब देश या दोघांनींही परिषदेस 'नाहीं' म्हटलें. पण त्यांचे 'होय' एकमेकांच्या विरुद्ध होते.

आपल्याकडेही हेंच दिसलें. खुल्या व्यापाराच्या करारांत कर्नाटकांतील प्रा. नंजुंडस्वामी यांना परदेशी बियाणें-कंपन्यांचा पाश दिसला. महाराष्ट्रांत शरद जोशी यांना त्याच करारांत, मालाचे भाव पाडणाऱ्या सरकारी बंधनांतून सुटका दिसली. दोघेही शेतकऱ्यांच्याच नांवानें बोलत होते. यावरून एवढें निश्चित होतें कीं, स्वतःच्या दुःखासाठीं नकार देणाऱ्यास पुरावा मागूं नये, परंतु दुसऱ्याच्या नांवानें नकार देणाऱ्यास तो अवश्य मागावा. ज्याच्या वतीनें आपण बोलतों, त्यास विचारलें आहे काय? आपल्या विजयाचा खर्च त्याच्यावर तर पडणार नाहीं ना?

यावर असा आक्षेप येईल कीं, दिवसभर राबणाऱ्या गरिबानें लढावें आणि पुन्हां कारभारही सुधारावा, ही अपेक्षा निष्ठुर आहे. आक्षेप खरा आहे. म्हणूनच नकारानंतरचें कर्तव्य प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणें वांटलें पाहिजे, आणि त्याचा मोठा वांटा आपणां सुशिक्षितांकडे येतो. हिशेब तपासणें, कायदा वाचणें, नगरपालिकेच्या कंटाळवाण्या सभांस हजर राहणें, हीं कामें आपल्या आटोक्यांतलीं आहेत. आंदोलनाची वार्ता वाचून आपलें मन उचंबळतें आणि आपण न्यायाच्या पक्षास आहों असें समाधान वाटतें. त्या समाधानाची परीक्षा गोळीबाराच्या दिवशीं होत नाहीं. करार मोडल्यानंतरच्या दहाव्या वर्षीं, दक्षिणेकडील वस्तींत नळ आला कीं नाहीं याची चौकशी कोण करतो, यावरून ती होते.