एका कणाचा दोष

निर्मळ पाणी गढूळ झाले, तर अपराधी कोणास म्हणावे? सांडपाणी सोडणारा एखादा कारखाना सापडला की उत्तर सोपे होते. तो सापडला नाही तर? टाहो सरोवराची हकिकत वाचताना या प्रश्नाने आम्हांला अस्वस्थ केले.

अमेरिकेत कॅलिफोर्निया व नेवाडा या राज्यांच्या सीमेवर, सुमारे १,९०० मीटर उंचीवर हे सरोवर पसरले आहे. त्याची कमाल खोली ५०१ मीटर. उन्हाळ्यात त्यावर नौकाविहार चालतो. एमराल्ड बे या त्याच्या उपसागरात पाणबुडे पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून उतरतात आणि तळाशी विसावलेले जुने पडाव पाहतात. १९९४ पासून ते पाणीही तेथील उद्यानात समाविष्ट आहे. पाहावे, पण काही उचलू नये, असा दंडक आहे.

या पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी एक पांढरी तबकडी खाली सोडतात व ती कोठवर दिसते ते नोंदवतात. १९६८ साली ती सुमारे ३१ मीटरपर्यंत दिसे. अलीकडे वीस मीटरच्या आसपासच दिसेनाशी होते. वास्तविक सांडपाणी खोऱ्याबाहेर नेण्याची व्यवस्था फार पूर्वीच झाली. धूर व तेल सोडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या इंजिनांवर १९९९ साली बंदी आली. तरीही रस्त्यांवरची, बांधकामांची अतिसूक्ष्म धूळ पावसाबरोबर व वितळत्या बर्फाबरोबर पाण्यात येतच राहते. केसाहून बारीक असे ते कण लवकर तळाशी बसत नाहीत. ते तरंगत राहतात आणि प्रकाश विखुरतात.

'माझ्या गाडीच्या चाकाखालच्या धुळीने काय होणार?' असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही. परंतु तेच वाक्य प्रत्येकाला तितक्याच खरेपणाने म्हणता येते, आणि सरोवर तर गढूळ होतच असते. दोष वाटला की लहान होतो. जबाबदारीचे तसे नाही. ती प्रत्येकाकडे पूर्णच राहते. घरातील कडवटपणाही एका मोठ्या भांडणापेक्षा रोजच्या बारीकसारीक शब्दांनीच अधिक साचत नाही काय?

तळाजवळून पोहणाऱ्या पाणबुड्याच्या पायाचा एक बेसावध फटकारा गाळ उठवतो. तो स्वतः पुढे गेलेला असतो. त्याच्यासमोरचे पाणी स्वच्छच असते. काही दिसेनासे होते ते मागून येणाऱ्याला. म्हणून केवळ समोरच्या पाण्यावरून आपली निरपराधता ठरवू नये. अधूनमधून थांबून मागे पाहावे, आणि मागून येणाऱ्याने तक्रार केली तर ती ऐकून घ्यावी.