समुद्राकडील दार

प्राचीन नगरांचे भग्नावशेष पाहावयास निघालेला आजचा प्रवासी बहुधा मोटारीच्या रस्त्याने जातो, तिकिटाच्या खिडकीपाशी उतरतो, आणि ज्या नगराने समुद्राकडे मुख करून शतकानुशतके आपला संसार केला त्या नगरात तो परसदाराने शिरतो. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील फासेलिस हे याचे ठळक उदाहरण आहे. या नगराला तीन बंदरे होती; मधल्या बंदरापासून दक्षिणेकडील बंदरापर्यंत फरसबंदी राजमार्ग गेलेला असून त्याच्या कडेने दुकाने, स्नानगृहे आणि चौक यांचे अवशेष आहेत, आणि दक्षिण टोकाला रोमन सम्राट हेड्रियन याच्या आगमनाप्रीत्यर्थ उभारलेल्या कमानीचे कोरीव दगड पडलेले आहेत. रस्त्याने येणाऱ्याला ही कमान सर्वांच्या शेवटी, पाय थकल्यावर भेटते. दक्षिणेच्या बंदरात नांगर टाकून लहान होडीने वाळूवर उतरणाऱ्याला मात्र ती प्रथम सामोरी येते, आणि नगर रचणाऱ्यांनी पाहुण्याचे स्वागत ज्या क्रमाने योजले होते त्याच क्रमाने ते त्याच्या वाट्याला येते.

म्हणून आठदहा जणांनी मिळून एखादे लाकडी गलबत ठरवावे, आठवडाभर किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडावे, सकाळी पोहावे आणि ऊन उतरल्यावर अवशेषांत फिरावे, या प्रकारच्या सुटीला केवळ सुखवस्तू लोकांची चैन समजणे मला अन्यायाचे वाटते. काही स्थळांचे मर्म समुद्रमार्गानेच उलगडते, अशी माझी धारणा आहे. या किनाऱ्यावरील पर्वत सरळ पाण्यात उतरतात. खुष्कीचा मार्ग बिकट, जलमार्ग सुगम. व्यापारी, यात्रेकरू, चाचे आणि विजेते या नगरांत बहुधा पाण्यावरूनच आले.

वाऱ्याचेच पाहा. उन्हाळ्यात एजियन सागरावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो व दुपारी विशेष जोर धरतो. दात्चा द्वीपकल्पाच्या अगदी टोकाशी, जेथे भूमी संपते तेथेच, क्निडोससारखे वैभवशाली नगर कोणी का वसवावे, हा प्रश्न नकाशा पाहताना सुटत नाही. रोमला कैदी म्हणून नेल्या जाणाऱ्या ख्रिस्ती प्रेषित पौलाचे गलबत क्निडोसच्या समोर मोठ्या कष्टाने येऊन पोहोचले, पण वाऱ्याने पुढे जाऊ न दिल्यामुळे क्रीट बेटाच्या आडोशाला वळले, अशी हकिकत बायबलात आहे. ग्रंथात ती एका ओळीची बाब वाटते. पण भूशिराच्या आडोशातून गलबत बाहेर पडताच टेबलावरचे पेले घसरू लागतात, स्वयंपाकी घाईने शेगडी विझवतो, कप्तान शिडे उतरवण्याचा हुकूम देतो, आणि तासाभराच्या झुंजीनंतर माघारी फिरून त्या शांत बंदरात नांगर पडला, म्हणजे जिवाला जो थारा मिळतो तोच या नगराच्या अस्तित्वाचा हेतू होता हे पटते. भूशिराच्या दोन्ही अंगांस एकेक बंदर, आणि अनुकूल वाऱ्याची वाट पाहत पडलेली गलबते, यांवरच येथल्या बाजारपेठेचा निर्वाह होता. आजकाल बरीच गलबते सारा प्रवास इंजिनावर करतात आणि शिडे शोभेपुरती ठेवतात, ही मला खेदाची गोष्ट वाटते. करार ठरवतानाच कप्तानाशी याविषयी स्पष्ट बोलून घ्यावे.

अशा गलबतयात्रेची परंपरा फार जुनी नाही, पण ती सन्मान्य आहे. जेवात शाकिर काबाआचली या लेखकाला एका लेखाबद्दल 1925 मध्ये बोद्रुम येथे हद्दपार करण्यात आले. बोद्रुम म्हणजे प्राचीन हालिकार्नासस, हेरोडोटसचे जन्मगाव. मुदत संपल्यावरही हा मनुष्य तेथेच येऊन राहिला, आणि पुढे स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांच्या साध्या मचव्यांतून आपल्या साहित्यिक मित्रांना घेऊन किनारा धुंडाळू लागला. त्या मंडळींत आझ्रा एर्हात या विदुषी होत्या, ज्यांनी ‘इलियड’ तुर्की भाषेत आणण्याच्या कामात मोठा वाटा उचलला. या लोकांचे म्हणणे असे की, अनातोलियाच्या भूमीवर जे जे घडले, मग ते ग्रीक असो की लिशियन, त्याचा वारसा आज तेथे राहणाऱ्या माणसांचा आहे. हा विचार एकट्याच्या अभ्यासिकेत सुचला असता, पण मचव्यावर रात्री चाललेल्या वादविवादांत तो पारखला गेला. एकांताचे गोडवे गाणाऱ्यांना समुदायाने केलेला प्रवास उथळ वाटतो; परंतु गलबतावरचा समुदाय बसमधल्यासारखा संध्याकाळी पांगत नाही, दिवसा पाहिलेल्या दगडांविषयीचे मतभेद रात्री एकाच ताटाभोवती मिटवावे किंवा वाढवावे लागतात.

लिशिया या प्राचीन प्रदेशाच्या किनाऱ्यावर तर समुदायाचा प्रश्न अवशेषांतच कोरलेला आहे. प्राचीन भूगोलकार स्ट्राबोच्या लेखनानुसार येथील 23 नगरांनी एक संघ स्थापला होता, आणि त्यात मोठ्या नगरांना तीन, मध्यमांना दोन व इतरांना एक मत असे. फ्रेंच विचारवंत मोंतेस्क्यूने या व्यवस्थेची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि अमेरिकेची राज्यघटना सिद्ध होत असताना तिच्या पुरस्कर्त्यांनी या संघाचा दाखला दिला. या संघाच्या पातारा येथील सभागृहाच्या अर्धवर्तुळाकार पायऱ्यांवर आजही बसता येते. मात्र पाताराचे बंदर वाळूने बुजून दलदल झाले आहे, आणि कौनोस या नगराचे बंदरही तसेच गाळाने भरून समुद्र दूर गेला. जकात देणारी गलबते येईनाशी झाल्यावर अशा नगरांना निर्वाहाचे साधन उरले नाही.

परंतु समुद्रमार्गाने जसे वैभव आले तसे ते गेलेही. क्निडोसजवळच्या कड्यावर एका समाधीच्या माथ्यावर संगमरवरी सिंह बसवलेला होता. त्याच्या डोळ्यांच्या जागी खोल खोबणी आहेत. त्यांत काच जडवलेली असावी आणि दुरून येणाऱ्या खलाशांना ती चमकताना दिसत असावी, असा तर्क केला जातो. 1858 मध्ये चार्ल्स न्यूटनच्या उत्खननपथकाला तो सापडला आणि गलबतात चढवून लंडनला नेण्यात आला. ब्रिटिश म्युझियममध्ये त्याच्यावर काचेचे छत आहे, ऊनपावसापासून तो सुरक्षित आहे, आणि दररोज शेकडो लोक त्याला अगदी जवळून पाहतात, हे मी नाकारीत नाही. पण तो जवळून पाहण्यासाठी घडवलेलाच नव्हता. त्या कड्याखालून शीड उभारून जाताना वर समाधीचा उघडा चौथरा तेवढा दिसतो, आणि सुकाणूवरच्या माणसाला खूण म्हणून धरायला काहीही उरलेले नाही. तो सिंह परत त्या कड्यावर यावा, निदान त्याची हुबेहूब प्रतिकृती तरी तेथे बसवावी, असे मला मनापासून वाटते.