गाणे कोणाचे?

लॉस एंजेलिस शहरातील एका उपाहारगृहात एक वयस्क कृष्णवर्णीय गृहस्थ आपल्या मित्रासह जेवावयास बसले होते. पदार्थ सांगावयाचे म्हणून त्यांनी वाढप्याला जवळ बोलाविले, आणि नेमके त्याच क्षणी तेथील ध्वनिक्षेपकावरून ‘माय गर्ल’ हे गीत सुरू झाले. प्रथम बेस गिटारचे धीरगंभीर ठोके, आणि त्यांवर गिटारची ती सुप्रसिद्ध चढण. आपल्या भूप रागाची आठवण व्हावी असे तिचे पाच स्वर आहेत. त्या गृहस्थांचा चेहरा उजळला. ते वाढप्याला काही सांगू लागले, अर्ध्यावर थांबले, आणि मग त्यांनी मुकाट्याने जेवण मागविले. वाढपी गेल्यावर मित्राने विचारले तेव्हा त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा : ती गिटार मीच वाजविली आहे असे मी म्हणणार होतो; पण त्या मुलाला वाटले असते, हा म्हातारा थापा मारतो आहे.

या गृहस्थांचे नाव रॉबर्ट व्हाइट. ‘द टेम्प्टेशन्स’ या गायकवृंदाचे हे गीत 1964 च्या अखेरीस बाजारात आले आणि पुढल्या वर्षी अमेरिकेत प्रथम क्रमांकावर पोहोचले. जगात क्वचितच एखादा देश असेल जेथे ते वाजले नाही. आमच्या धर्मग्रामांतील लग्नसमारंभांतही आम्ही ते ऐकले आहे. व्हाइट 1994 साली वारले. वरील प्रसंग त्यांच्या मित्राने, ॲलन स्लट्स्की यांनी, जगापुढे आणला.

या प्रसंगातील मौनाला काय म्हणावे, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. सेमिनरीत आम्हांला नम्रतेचे धडे देण्यात आले. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये ही प्रभू येशूची शिकवण आम्ही व्यासपीठावरून किती वेळा सांगितली असेल, याची गणती नाही. तेव्हा प्रथमदर्शनी आम्हांला असे वाटले की, पाहा, काय हा विनम्र कलावंत! परंतु विचार करू लागल्यावर हे समाधान टिकेना. व्हाइट नम्रतेमुळे गप्प बसले नव्हते. आपले कोणी खरे मानणार नाही म्हणून ते गप्प बसले होते. या दोहोंत फार मोठे अंतर आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. फोर्ड कंपनीच्या कारखान्यात काम केलेल्या बेरी गॉर्डी नावाच्या तरुणाने 1959 साली आपल्या कुटुंबाकडून 800 डॉलर कर्जाऊ घेऊन तेथे तबकड्यांचा व्यवसाय सुरू केला. तोच पुढे ‘मोटाउन’ या नावाने प्रसिद्धीस आला. वेस्ट ग्रँड बुलव्हार या रस्त्यावरील एका साध्या घरात त्याचे ध्वनिमुद्रण चाले. ज्या लहानशा खोलीत वादक बसत, तिच्या छतावरून तारा लोंबत असत म्हणून वादकांनी तिचे नाव ‘सापांचा खड्डा’ ठेवले होते. गायक येत, जात, निर्माते बदलत, वादक मात्र बहुधा तेच. रात्री जॅझ क्लबांत वाजवावयाचे आणि दिवसा या खड्ड्यात उतरावयाचे. पियानोवर प्रथम जो हंटर व नंतर अर्ल व्हॅन डाइक, ड्रमवर बेनी बेंजामिन, खंजिरीवर जॅक ॲशफर्ड, गिटारवर व्हाइट, एडी विलिस आणि गोरे असलेले जो मेसिना, आणि बेस गिटारवर जेम्स जेमर्सन. ही मंडळी स्वतःला ‘फंक ब्रदर्स’ म्हणवीत.

जेमर्सन यांच्याविषयी अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाही. उजव्या हाताच्या एकाच बोटाने ते तारा छेडीत, पण त्या एका बोटाने त्यांनी बेस गिटारचा धर्मच पालटून टाकला. तोपर्यंत हे वाद्य म्हणजे घराचा पाया : असावा, पण दिसू नये. जेमर्सन यांनी त्याला बोलावयास लाविले. गायक एक गोष्ट सांगत असावा आणि खालून कोणी दुसरी, अधिक समजूतदार गोष्ट सांगत असावे, असे त्यांचे वादन ऐकताना वाटते. बहुतेक वेळा त्यांच्यापुढे केवळ स्वरसंगतींची चिन्हे लिहिलेला कागद असे. उरलेले सर्व त्यांच्या डोक्यातून व बोटातून येई. तबकडीवर नाव कोणाचे? गायकाचे, गीतकाराचे, निर्मात्याचे. वादकांची नावे कित्येक वर्षे कोठेच नव्हती. मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या 1971 च्या तबकडीवर ती प्रथम नीट छापली गेली. पुढल्याच वर्षी, 1972 मध्ये, कंपनीने आपला कारभार लॉस एंजेलिसला हलविला. दाराला लावलेल्या चिठ्ठीवरून वादकांना ही वार्ता कळली, असे ते सांगत.

जेमर्सन कंपनीच्या मागोमाग लॉस एंजेलिसला गेले, पण तेथे त्यांचे बस्तान बसले नाही. मद्याने त्यांना पोखरले होते, हेही सांगितले पाहिजे. सगळा दोष इतरांच्या माथी मारणे हा सत्याचा अपलाप होईल. मार्च 1983 मध्ये कंपनीच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला. मायकेल जॅक्सनने आपली ती चंद्रचाल प्रथम दाखविली तो हाच सोहळा. जेमर्सन यांना आमंत्रण नव्हते; जादा भावाने तिकीट विकत घेऊन ते प्रेक्षकांत बसले, असे त्यांच्या चरित्राचे अभ्यासक सांगतात. त्याच वर्षीच्या 2 ऑगस्टला वयाच्या 47 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. 1988 साली गॉर्डी यांनी कंपनी विकली ती 6 कोटी 10 लाख डॉलरना.

येथे वाचक म्हणतील, फादर, यात अन्याय कोठे आहे? वादकांनी मोबदला ठरविला, तो घेतला. पुढे तर त्यांना आठवड्याचा पगारही होता. धोका पत्करला तो गॉर्डी यांनी. त्यांचे घर नसते तर जेमर्सन क्लबांतच राहिले असते. हा युक्तिवाद पोकळ नाही, आणि गॉर्डी यांना खलनायक ठरविण्याची आमची इच्छाही नाही. कृष्णवर्णीयांना जेथे दारे बंद होती तेथे त्यांनी स्वतःचे दार उभे केले. तथापि पोप लिओ तेरावे यांनी 1891 च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात एक गोष्ट स्पष्ट केलेली आहे : दोघांनी राजीखुशीने करार केला म्हणजे न्याय झाला असे नव्हे, कोणत्याही करारापेक्षा प्राचीन व श्रेष्ठ असा निसर्गदत्त न्याय आहे. पोपमहाशयांपुढे कारखान्यातील कामगाराची भाकरी होती. वादकाच्या बाबतीत प्रश्न थोडा निराळा होतो. दुपारी वाजविलेली एक चढण पन्नास वर्षे विकली जाईल हे त्या दुपारी ना गॉर्डींना ठाऊक होते, ना व्हाइटना. जे कोणालाच ठाऊक नव्हते त्याची किंमत आधी कशी ठरवावी? पैशाच्या बाबतीत, आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, आम्हांला ठाम निर्णय देता येत नाही. नंतर काही वाटा द्यावयास हवा होता असे आमचे मन म्हणते. किती, ते सांगता येत नाही.

नावाच्या बाबतीत मात्र आमचा संशय फिटलेला आहे. नाव छापण्यास पैसे लागत नाहीत. नाव हा सत्याचा विषय आहे. संत थॉमस अक्विनास यांनी सन्मानाची व्याख्या करताना म्हटले आहे की, सन्मान म्हणजे दुसऱ्याच्या श्रेष्ठत्वाची दिलेली साक्ष. साक्ष देणे टाळले, तर ते केवळ कंजूषपणाचे लक्षण ठरत नाही. ते आठव्या आज्ञेच्या उंबरठ्यापर्यंत येते. कधी कधी तो उंबरठा ओलांडलाही जातो. 1962 साली ‘ही इज अ रेबेल’ हे गीत ‘द क्रिस्टल्स’ या वृंदाच्या नावाने निघाले व प्रथम क्रमांकावर गेले. त्यात स्वर होता डार्लीन लव्ह यांचा. ज्यांचे नाव तबकडीवर होते त्या मुली गीत मुद्रित होत असताना त्या शहरातही नव्हत्या. निर्माता फिल स्पेक्टर याच्या कर्तबगारीचे गोडवे पुष्कळ गायिले गेले आहेत. असो.

याच्या उलट एक उदाहरण इंग्लंडचे आहे. 1973 च्या जानेवारीत एका रविवारी क्लेअर टॉरी नावाच्या तरुण गायिकेला ‘पिंक फ्लॉइड’च्या ध्वनिमुद्रणासाठी बोलाविण्यात आले. शब्द नव्हते, चाल नव्हती. फक्त वाद्यांची साथ आणि ‘मृत्यूचा विचार कर व गा’ अशा अर्थाची सूचना. तिने नुसत्या स्वरांनी जो आक्रोश केला, तो ऐकताना आम्हांला शुभ शुक्रवारच्या उपासनेची आठवण होते. मोबदला 30 पौंड. तबकडीच्या कोट्यवधी प्रती खपल्या. टॉरी यांनी 2004 साली न्यायालयात धाव घेतली, 2005 साली तडजोड झाली, आणि तेव्हापासून त्या गीताच्या रचनाकारांत त्यांचे नाव येते. म्हणजे ‘साथ’ आणि ‘रचना’ यांतील जी रेषा व्यवसायाने पक्की मानली होती, ती बत्तीस वर्षांनी का होईना, पुसावी लागली. जेमर्सन यांच्या बाबतीत ती कोणी पुसली नाही.

आणखी एक आक्षेप राहतो, आणि धर्मगुरू म्हणून तो आम्हांला अधिक टोचतो. युरोपातील भव्य कॅथेड्रले बांधणाऱ्या गवंड्यांची, काचा रंगविणाऱ्यांची नावे आज कोणास माहीत आहेत? त्यांनी देवाच्या गौरवासाठी काम केले आणि ते विस्मृतीत गेले. मग वादकांनीच नावाची हाव का धरावी? याला आमचे उत्तर असे की, नम्रता हा सद्गुण ज्याचा त्यानेच आचरावयाचा असतो. माझ्या वतीने दुसऱ्याने नम्र होता येत नाही. मी माझे नाव मागे घेतले तर ती नम्रता. मी तुमचे नाव मागे घेतले तर तिला दुसरा शब्द आहे. आविलाच्या संत तेरेजा नम्रता म्हणजे सत्यात चालणे असे मानीत. त्या कसोटीला दुसऱ्याचे नाव झाकणारा तर उतरत नाहीच. पण आपले खरे नाव सांगण्याची भीती वाटावी अशी स्थिती ज्याच्यावर आली, त्या व्हाइट यांच्या मौनालाही आम्ही नम्रता म्हणू धजत नाही.

ही काही दूरदेशीची कथा नव्हे. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली आमच्याच धर्माची माणसे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेली. संगीत दिग्दर्शक चाल गुणगुणत. तिला व्हायोलिनांचा, ट्रम्पेटांचा, स्वरमेळांचा साज चढवून ती कागदावर उतरविणारे बहुधा हे लोक असत. सेबॅस्टियन डिसोजा यांचे नाव किती श्रोत्यांना ठाऊक आहे? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे तर प्यारेलालांचे गुरू. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये शिष्याने कृतज्ञतेने नायकाला गुरूचे नाव देवविले. ते नाव देशभर गेले, परंतु अंड्यातून बाहेर पडणाऱ्या एका विनोदी पात्राचे म्हणून. खरे गोन्साल्विस 2012 साली गोव्यात वारले. आपण सारे ते गाणे लग्नांत वाजवितो आणि हसतो.

इतरांकडे बोट दाखविल्यावर स्वतःचे सांगणे भाग आहे. आमच्या एका पूर्वीच्या धर्मग्रामाच्या महोत्सवासाठी आम्ही एक स्तुतिगीत रचले होते. त्याला चाल लाविली ती तेथील ऑर्गनवादकांनी; सर्व जण त्यांना मास्तर म्हणत. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे रेघा आखून त्यांनी चारही आवाजांची स्वरलिपी लिहून आणली होती. पुस्तिका छापताना आम्ही गीताखाली आमचे नाव घातले. चालीखाली काहीच घातले नाही. ते विसरलो असे म्हणणे सोयीचे आहे, पण खरे नाही. मुद्रिते तपासताना ते आमच्या लक्षात आले होते. मास्तर मनाने साधे, त्यांना असले काही आवडत नाही, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. त्यांना विचारले मात्र नाही. लोक त्या गीताला ‘फादरांचे गाणे’ म्हणू लागले आणि आम्ही ते ऐकून घेत राहिलो.

मास्तरांच्या निधनानंतर महिन्याची मिस्सा झाल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने त्यांचे स्वरलिपीचे कागद दाखविले. त्यांत त्या पुस्तिकेची त्यांची प्रत होती. आमच्या नावाच्या खाली पेन्सिलीने ‘चाल’ असा शब्द व पुढे त्यांच्या नावाची आद्याक्षरे लिहिलेली होती, आणि मग ती खोडरबराने पुसलेली होती. उजेडाकडे धरल्यावर ती वाचता येत होती.

“हे त्यांनी केव्हा पुसले?” आम्ही विचारले.

“ते मला नाही माहीत, फादर,” त्या म्हणाल्या. “पण लिहिले होते ते पुस्तिका मिळाली त्याच रात्री.”

चोरीचा माल परत करावयाचा असतो, आणि धनी हयात नसेल तर तो त्याच्या वारसांना द्यावयाचा असतो, हे आम्ही कबुलीजबाब ऐकताना शेकडो वेळा सांगितले आहे. आम्ही तेथील विद्यमान धर्मगुरूंना पत्र लिहिले. पुढल्या सणाच्या पुस्तिकेत गीताखाली मास्तरांचे पूर्ण नाव आले, आमच्या नावाच्या आधी. त्यांच्या पत्नीने एक प्रत मागून घेतली, आणि नातू ऑर्गन शिकतो आहे म्हणून त्याच्यासाठी आणखी एक.