पाणी कोण उपसतं?

आमच्या घुग्घुसला पाहुणा आला की बाबा त्याला वढ्याला न्यायचे. वर्धा आणि पैनगंगा तिथे मिळतात, संगमावर विठ्ठलाचं देऊळ आहे, कार्तिक पौर्णिमेला जत्रा भरते. दुसऱ्या दिवशी चंद्रपूर: महाकालीचं दर्शन, अंचलेश्वर, गोंड राजांचा परकोट, जटपुरा गेट. पाहुणा हौशी असला आणि मुक्काम लांबला, तर ताडोबा. ज्या खाणीत बाबांनी पस्तीस वर्षं काढली, ती मात्र त्यांनी कुणालाच दाखवली नाही. मलाही नाही. "खानीत काय पाहाचं हाय?" एवढंच म्हणायचे. पाहुण्याला चांगलं ते दाखवायचं, आपलं काम आणि आपली धूळ दाखवायची नसते, हा त्यांचा रिवाज होता. तोच रिवाज मी जर्मनीत आणला आणि त्यांच्यावरच चालवला, याचं मला आज वाईट वाटतं.

मी एसेनमध्ये राहते. आईबाबा मागच्या उन्हाळ्यात नागपूरहून दोहामार्गे इथे आले. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक घराला ही तयारी पाठ असते. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि त्यांच्या सगळ्या खर्चाची हमी मी घेते असं इथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन लिहून द्यावं लागतं. त्या कागदावर सही करताना मला अभिमान वाटला होता. लहानपणी माझ्या शाळेच्या अर्जांवर बाबा सही करायचे, आता त्यांच्या अर्जावर मी करत होते. त्या उलटापालटीत त्यांच्या हातून काय जातं, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

पहिले तीन आठवडे मी त्यांना फिरवलं. कोलोनचं कॅथेड्रल, ऱ्हाइनमधली बोट, अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे, चार दिवस पॅरिस. कोलोनला आई रमली. 1248 साली पायाभरणी झालेली ती इमारत 1880 मध्ये पुरी झाली हे सांगितल्यावर ती बराच वेळ वर बघत उभी राहिली, मग तिथे एक मेणबत्ती लावून तिने हात जोडले. बाबा मात्र सगळीकडे एकच वाक्य बोलत होते, "मस्त हाय." पॅरिसला मस्त, अ‍ॅमस्टरडॅमला मस्त, घराजवळच्या बागेतही मस्त. प्रत्येक तिकिटाचे युरो ते मनातल्या मनात रुपयांत करत होते, आणि लेकीने एवढा खर्च केल्यावर खूश दिसणं हे त्यांनी आपलं काम मानलं होतं. ते काम ते चोख करत होते.

मुलं आईवडिलांना परदेश दाखवतात, तेव्हा नेमकं काय दाखवतात? मी स्वतःला हे विचारलं आणि उत्तर सुखाचं नव्हतं. आपण घर सोडलं तो निर्णय बरोबर होता, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणून मी रस्ते स्वच्छ असतील, गाड्या वेळेवर येतील, नदीत हंस असतील, अशाच जागा निवडल्या. ते माझ्याकडे पाहुणे म्हणून आले होते आणि मी त्यांना परीक्षकाच्या खुर्चीत बसवलं होतं. त्यातही निकाल आधीच ठरलेला.

याची खरी किंमत मला बाल्डनाय तलावाच्या काठावर कळली. रविवारची दुपार, पाण्यावर शिडाच्या होड्या. आई म्हणाली, "इथचे लोक मुळातच साफसुथरे असतीन. आपल्या लोकायले वयनच नाई." बाबांनी मान हलवली. घुग्घुसच्या घरी दिवसातून दोनदा ओसरी पुसणारी, दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घडी न घालणारी माझी आई स्वतःबद्दल हे बोलत होती. तिला हा धडा कुणी दिला? मीच, तीन आठवडे रोज.

ती जे म्हणाली ते खरं नाही, आणि खोटं का आहे ते मला ठाऊक होतं. एसेन हे कोळशाचं आणि पोलादाचं गाव. या रूर खोऱ्यातल्या बायकाही वाळत घातलेले कपडे काळे पडतात म्हणून वैतागत. रूरवरचं आकाश पुन्हा निळं झालं पाहिजे, ही मागणी चान्सेलरपदाचे उमेदवार विली ब्रांट यांनी 1961 च्या निवडणूक प्रचारात केली, तेव्हा ते अनेकांना स्वप्नरंजन वाटलं होतं. पुढची कित्येक दशकं कायदे झाले, धुराड्यांना गाळण्या लागल्या, कारखाने बंद पडले, हजारोंचा रोजगार गेला आणि सरकारी पैसा ओतला गेला. तेव्हा कुठे हे हंस आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली चंद्रपूरचं नाव देशातल्या अतिप्रदूषित भागांच्या यादीत घातलं. त्या यादीतलं चंद्रपूर आणि 1961 चं एसेन शेजारी शेजारी ठेवलं तर त्यात लोकांच्या वळणाचा फरक दिसणार नाही, धोरणाचा आणि काळाचा दिसेल. परक्या देशाचा नुसता आजचा झगमगाट दाखवला की आईवडिलांना आपलं आयुष्य मागासलेलं वाटू लागतं. त्या देशाने तिथवर पोचायला काय काय सोसलं तेही दाखवलं, तर त्यांना आपल्या कष्टांचा भाऊबंद भेटतो. मला एवढंच म्हणायचं आहे, आणि ते मी बाबांकडून शिकले.

बाबा पंप खलाशी होते. कोळसा खाणी 1973 साली सरकारी झाल्या, त्यानंतर काही वर्षांनी ते भूमिगत खाणीत लागले. कोळसा काढणारे लोडर आणि छत सांभाळणारे ड्रेसर लोकांच्या नजरेत येतात, खलाशाकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण खाणीत पाणी चोवीस तास झिरपतं. ते खालच्या खड्ड्यात, म्हणजे सम्पमध्ये, गोळा करून वर फेकलं नाही तर दुसऱ्या दिवशी कुणी आत जाऊ शकत नाही. दिवाळीला खाण बंद असायची तेव्हाही बाबांची पाळी असायची. आमची दिवाळी त्यामुळे अर्धी असे, आणि लहानपणी मला त्या पंपाचा राग होता.

तलावावरून आल्यावर मी पुढची सगळी आखणी रद्द केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना त्सोलफरआइनला नेलं. माझ्या घरापासून ट्रामने पाऊण तासावर ती खाण आहे. 1986 साली ती बंद झाली, 2001 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिचा 1932 सालचा बारा नंबरचा शाफ्ट, त्यावरचा लाल मनोरा आणि चाकं बघून बाबा पहिल्यांदा माझ्या पुढे चालू लागले. त्यांच्या आठवड्याभराच्या 'मस्त हाय'मध्ये जेवढे शब्द नव्हते, तेवढे ते तासाभरात बोलले.

मग आम्ही बोखुमच्या खाण संग्रहालयात गेलो. त्याच्या तळघरात, जमिनीखाली वीसेक मीटरवर, चालत फिरता येईल अशी खाण आहे. बोगदे, लाकडी आणि लोखंडी टेकू, यंत्रं, सगळं आहे. वाटाड्या सत्तरीच्या पुढचा, स्वतः खाणीत काम केलेला माणूस होता. बाबा थोडं चालले, थांबले. बोटांच्या पेरांनी छत ठोकून कान दिला. मग खाली वाकून बाजूची नाली शोधू लागले. मला म्हणाले, "इथं पानी कुठी हाय? इथून कधी कोयसा निंगला नाई. हे खान नोहे." मी संकोचत ते जर्मनमध्ये सांगितलं. म्हातारा हसला आणि बाबांचा हात हातात घेतला. बाबांचं बरोबर होतं. ती खाण लोकांना दाखवण्यासाठीच संग्रहालयाखाली बांधलेली आहे, तिच्यातून कधी कोळसा काढलेला नाही.

बाबांनी लगेच विचारलं, "मंग खऱ्या खानीतलं पानी आता कोन उपसते?"

मी नऊ वर्षं या प्रदेशात राहते आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. जर्मनीतली शेवटची दगडी कोळशाची खाण, बोट्रोपची प्रोस्पर-हानियल, डिसेंबर 2018 मध्ये बंद झाली. पंप मात्र बंद झाले नाहीत, आणि होऊ शकत नाहीत. खाणीतलं खारट, दूषित पाणी वर चढू दिलं तर ते पिण्याच्या पाण्याच्या थरांत मिसळेल, म्हणून ते ठरलेल्या पातळीखाली धरून ठेवावं लागतं. शिवाय शतकभर खालून कोळसा काढल्याने जमीन खचली आहे, काही ठिकाणी वीस मीटरहून जास्त. त्या बशीसारख्या खोलगट भागांतून ओढ्यांचं आणि पावसाचं पाणी आपोआप वाहून जात नाही, तेही पंपाने उचलावं लागतं. पंप थांबले तर रूर खोऱ्यातल्या मोठ्या वस्तीचं तळं होईल. या खर्चासाठी 2007 साली एक प्रतिष्ठान उभारलं गेलं, आणि या कामांना जर्मनमध्ये जे नाव आहे त्याचा अर्थ होतो 'अनंतकाळची कामं'. मी तीन आठवडे जे सुंदर, हिरवं, कोरडं एसेन दाखवत होते, ते बाबांच्या धंद्यावर उभं होतं. कुठेतरी एक खलाशी पाळीवर होता.

ते दोघे पाऊण तास बोलले. फूट व्हॉल्व्ह, प्रायमिंग, डिलिव्हरी लाइन यांचे जर्मन शब्द मला येत नव्हते आणि लागलेही नाहीत, कारण बाबा हाताने दाखवत होते आणि तो मान डोलावत होता. "आपल्याकडं खान बंद झाली का पंप दुसऱ्या खानीवर जाते," बाबा म्हणाले. त्यांनी त्याला घुग्घुसच्या आमराई वॉर्डाची गोष्ट सांगितली. ऑगस्ट 2022 मध्ये तिथलं एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. वाटाड्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं, की जानेवारी 2000 मध्ये याच बोखुमच्या वाटेनशाइड भागात जमीन अशीच फाटली आणि गॅरेजं गिळून गेली. "नकाशे हायेत का त्यायच्यापाशी?" बाबांनी विचारलं. बरेच आहेत, पण सगळे नाहीत. फार जुन्या आणि चोरून खणलेल्या खाणींचा कागद कुणाकडेच नाही, असं उत्तर आलं. मी दोघांच्या मधे उभी राहून भाषांतर करत होते. विमानतळावर उतरल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्या वडिलांना काही विचारत होतं.

परदेशी आलेल्या आईवडिलांचं दुःख मला इथेच दिसतं. भाषा, रस्ता, पैसा आणि स्वयंपाकघर एका दिवसात त्यांच्या हातून जातं. गावात दहा जण सल्ला विचारायला येतात, इथे तीन महिने कुणी काही विचारत नाही. दुपारी आपण कामावर असतो तेव्हा ते खिडकीशी बसून रिकामा रस्ता बघतात. त्यावर आणखी एक प्रेक्षणीय स्थळ हा उपाय होत नाही.

आईचा दिवस नंतर आला, तोही मी न आखता. शहराच्या उत्तर भागातल्या एका तुर्की दुकानात भाजी बघताना ती ओरडली, "अवं, हे त घोय हाय!" खरंच घोळाची भाजी होती. तुर्की लोक तिला सेमिझओतू म्हणतात आणि दह्यात कालवून खातात. आई डाळ घालून करते. गल्ल्यावरच्या बाईला तिने ते हातवाऱ्यांनी आणि माझ्या मोडक्यातोडक्या मदतीने समजावलं. त्या बाईचे सासरे खाणीत होते. 1961 मध्ये जर्मनी आणि तुर्कस्तानात मजूर भरतीचा करार झाला, तेव्हापासून तुर्की माणसं या भागात येत राहिली, त्यांतली बरीच खाणीत उतरली. घुग्घुसच्या आमच्या चाळीत तेलुगू, छत्तीसगढी आणि बिहारी बिऱ्हाडं होती. आईला ते दुकान लगेच कळलं. पुढे ती तिथे एकटी जाऊ लागली.

कुणी म्हणेल, आईवडिलांना आयफेल टॉवर बघायचा असतो, गावात फोटो दाखवायचे असतात, त्यांची ती हौस तुम्ही का मोडता? मोडू नये. बाबांनी पॅरिसचे फोटो घुग्घुसला सगळ्यांना दाखवले, आणि दाखवावेतच. सगळ्यांच्या नशिबी खाणही नसते. पण वडील शिक्षक असतील तर त्यांना इथल्या शाळेच्या फाटकाशी सुटीच्या वेळी उभं करता येतं, शेतकरी असतील तर पेरणीच्या हंगामात शहराबाहेर शेताच्या बांधावर नेता येतं, एसटीत नोकरी केली असेल तर बस डेपो असतोच. त्याला तिकीट लागत नाही. आपल्याला मात्र थोडं मागे उभं राहावं लागतं. परदेशात शिकलेल्या आणि कमावत्या मुलांना तेच जड जातं, मलाही गेलं.

या डिसेंबरात मी घुग्घुसला जाते आहे. बाबांना फोनवर सांगितलं, की या वेळी वढा नको, ताडोबा नको, तुमची खाण दाखवा. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तोंड बुजवलं हाय. पन जागा दाखवतो." त्याच गावात मी अठरा वर्षं वाढले, आणि ती जागा कुठे आहे हे मला माहीत नाही.