भाजण्याआधीचा चेहरा

पॉलिमर क्लेला आपण माती म्हणतो, पण तिच्यात माती नसतेच. ते पीव्हीसी असतं, म्हणजे पाइपांचं प्लास्टिक, प्लास्टिसायझर घालून मऊ ठेवलेलं. ओव्हनमध्ये साधारण १३० अंशांवर भाजेपर्यंत ते कितीही वेळा मोडा, पुन्हा करा. भाजलं की संपलं. दिवसभर कोड लिहिणाऱ्या, सगळं रिव्हर्ट करता येतं या भरवशावर जगणाऱ्या माझ्यासारख्याला तिथे जरा थांबायला होतं.

मी सांध्यांच्या बाहुल्या करतो. सांध्याचा गोळा आधी भाजायचा, त्यावर कच्ची क्ले दाबून खोबण घ्यायची, खाच कापायची आणि आतून इलॅस्टिक ओवायचं. ताण कमी पडला तर बाहुली गुडघ्यात दुमडते, जास्त झाला तर पाय झटकते. इथवर निव्वळ इंजिनिअरिंग. जास्तीचा गुडघा मी बिनदिक्कत कचऱ्यात टाकतो. पण सरावासाठी केलेलं डोकं टाकायची वेळ आली की हात अडतो.

का? प्लास्टिक तर तेच. चेहरा आहे म्हणून म्हणावं, तर मीटिंगमध्ये वहीच्या कोपऱ्यात काढलेले चेहरे मी रोज फाडतो. त्यांचं काही वाटत नाही.

कांट म्हणाला होता की जनावरांशी क्रूर वागू नये, कारण त्याने माणसाबद्दलची आपली सहानुभूतीही बोथट होते. हा युक्तिवाद बाहुलीला लावता येतो, पण मला तो पुरत नाही. हान्स बेलमर या जर्मन कलावंताने १९३०च्या दशकात सांध्यांच्या बाहुल्या केल्या, त्यांचे अवयव सुटे करून भलतेच जोडले, फोटो काढले आणि १९३४ मध्ये त्यांचं पुस्तक छापलं. ते फोटो बघवत नाहीत. पण निर्दोष, धडधाकट शरीराचे गोडवे गाणाऱ्या नाझी राजवटीला दिलेलं उत्तर म्हणूनही ते वाचले जातात. म्हणजे बाहुली मोडणारा प्रत्येक हात क्रौर्याचाच सराव करत असतो असं नाही.

मला वाटतं, अडचण मोडण्यात नाही, निरोपात आहे. गणपतीचंच बघा. प्राणप्रतिष्ठा करतो तशी उत्तरपूजाही करतो, आणि मगच मूर्ती पाण्यात जाते. शाडूची असेल तर विरघळतेही. जपानमध्ये जुन्या बाहुल्यांसाठी 'निंग्यो कुयो' हा विधी आहे. तोक्योतल्या उएनोच्या कियोमिझू कान्नोन-दो मंदिरात तो दरवर्षी २५ सप्टेंबरला होतो. बाहुल्यांचे आभार मानून त्यांना अग्नी देतात. बाहुलीत जीव आहे की नाही, हा वाद त्यासाठी आधी मिटवावा लागत नाही. जिच्याकडे कुणीतरी वर्षानुवर्षं कुणी असल्यासारखं पाहिलं, तिला रद्दीसारखं वागवायचं नाही, एवढंच. वहीतल्या चेहऱ्याकडे मी असं कधी पाहिलेलं नसतं. या डोक्याची पापणी जमेपर्यंत मात्र तीन संध्याकाळी त्याच्या डोळ्यांत बघत बसलेलो असतो.

माझ्या बाहुलीला यातला एकही रस्ता नाही. ती पाण्यात विरघळत नाही आणि पीव्हीसी जाळलं की विषारी, आम्लधर्मी वायू निघतो. ती माझ्यामागेही उरणार, कुणाच्या तरी माळ्यावर. ऑफिसात आम्ही नवी सिस्टिम बांधताना ती बंद कशी करायची हेही लिहून ठेवतो (निदान ठेवावं असं ठरलेलं असतं). मग चेहरा घडवताना हा प्रश्न नको?

म्हणून निर्णय ओव्हनच्या अलीकडे घ्यावा लागतो. डोकं तयार झालं की मी ते रात्रभर टाइलवर झाकून ठेवतो. सकाळी बघून वाटलं की हिला पन्नास वर्षं असू द्यावं, तरच भाजतो. नाहीतर परत मळायचं. तेही सोपं जात नाही. अंगठा आधी नाकावर ठेवावा लागतो, नाक गेलं की पुढचं हात आपोआप करतात.

सध्या जी बाहुली करतोय, तिच्या मांड्यांमध्ये आधीच्या दोन चेहऱ्यांची क्ले आहे. डावा गुडघा अजून जरा सैल आहे.