आधीच शिकलेल्याचे मोल

एखादी विद्या मनुष्य आधीच मिळवून आला असेल, तर तीच पुन्हा मिळविण्यासाठी त्याला बाकावर बसविण्याचा अधिकार महाविद्यालयाला आहे काय? वरवर पाहता हा प्रश्न रजिस्ट्रारच्या कचेरीतला आहे. परंतु त्याच्या पोटात दुसरा एक जुना प्रश्न दडलेला आहे: पदवी ज्ञानाची असते, की सहवासाची?

अमेरिकेत हा प्रश्न गेली सत्तर वर्षे अगदी रोकड स्वरूपात विचारला जात आहे. अँडोव्हर, एक्झेटर व लॉरेन्सव्हिल या तीन खासगी शाळा आणि हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन ही तीन विद्यापीठे, यांच्या अध्यापकांनी मिळून १९५२ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. हुशार मुले शाळेच्या अखेरच्या वर्षांत जे शिकतात, तेच महाविद्यालयात आल्यावर त्यांच्यापुढे पुन्हा वाढले जाते, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. अशा विचारांतून ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ नावाची योजना निघाली आणि कॉलेज बोर्डाने १९५६ पासून तिच्या परीक्षा घ्यावयास प्रारंभ केला. दर मे महिन्यात होणाऱ्या या परीक्षांत एक ते पाच असे गुण मिळतात. तीन मिळाले की मुलगा पात्र समजला जातो, आणि पुष्कळ महाविद्यालये तीन, चार किंवा पाच गुणांवर आरंभीच्या विषयाचे क्रेडिट देऊन टाकतात. आपल्या नव्या शैक्षणिक धोरणात ज्याला श्रेयांक असे भारदस्त नाव मिळाले आहे, तेच हे. पदवीला साधारणतः १२० श्रेयांक लागतात. तेव्हा शाळेतूनच पुरेसे श्रेयांक बांधून आणणारा विद्यार्थी एखाद्या सत्राची फी वाचवू शकतो.

श्रीमंत शाळांच्या चिंतेतून निघालेली ही योजना पुढे कोणाच्या हाती गेली, ते पाहण्यासारखे आहे. पूर्व लॉस एंजेलिसमधील गारफील्ड हायस्कूल ही बव्हंशी मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांची शाळा. तेथे बोलिव्हियातून आलेले हाइमे एस्कालान्ते हे शिक्षक कलनशास्त्र शिकवीत. १९८२ साली त्यांचे अठरा विद्यार्थी या परीक्षेत उत्तीर्ण झाले, आणि त्यांपैकी चौदांवर परीक्षामंडळाने संशय घेतला. बारा जण पुन्हा परीक्षेला बसले. बाराही उत्तीर्ण झाले. (पुढे १९८८ मध्ये यावर चित्रपटही निघाला.) या प्रसंगाकडे लोक बहुधा गुरुभक्तीच्या अंगाने पाहतात. मला त्यात निराळेच दिसते. त्या मुलांपाशी घराणे नव्हते, शिफारस नव्हती. होता तो केवळ एक आकडा. आकड्याला मने नसतात, हा त्याचा दोष आपण नेहमी सांगतो. परंतु ज्याच्याविषयी इतरांची मने आधीच कलुषित झालेली आहेत, त्याला हाच दोष आधार वाटावयाचा.

आता दुसरी बाजू. डार्टमथ महाविद्यालयाने २०१३ साली जाहीर केले की, पुढील वर्षी दाखल होणाऱ्या वर्गापासून या गुणांवर पदवीचे श्रेयांक मिळणार नाहीत. त्यापूर्वी तेथील मानसशास्त्र विभागाने या परीक्षेत पाच गुण मिळविलेल्या शंभराहून अधिक विद्यार्थ्यांना आपल्या आरंभीच्या अभ्यासक्रमाची संक्षिप्त परीक्षा दिली, तेव्हा नव्वद टक्के नापास झाले असे सांगण्यात आले. कॉलेज बोर्डाने या प्रयोगावर आक्षेप घेतले. माझी शंका साधी आहे. तोच अभ्यासक्रम डार्टमथमध्येच शिकलेल्यांना वर्षभराने अवचित तीच प्रश्नपत्रिका दिली, तर त्यांतले किती तरतील? विस्मृती शाळा व महाविद्यालय असा भेद करीत नाही.

तथापि डार्टमथने एक गोष्ट राखून ठेवली, आणि तिच्यातच या वादाचे मर्म आहे. चांगले गुण आणणाऱ्याला पहिला वर्ग ओलांडून थेट पुढच्या वर्गात बसता येते. फक्त पदवीच्या एकूण हिशेबात सूट मिळत नाही. योजनेच्या नावातला मूळ शब्दही स्थानाचाच आहे, सवलतीचा नव्हे. पुढच्या वर्गात बसणे हा शिकलेल्याचा हक्क. तो नाकारणे म्हणजे पोहणाऱ्याला पुन्हा भोपळा बांधण्यापैकी आहे. कमी वर्ग करून पदवी घेणे हा मात्र सौदा आहे, आणि सौद्यात दुसऱ्या पक्षालाही नाही म्हणता येते.

आपल्या नोकरीत याचे रूप परिचयाचे आहे. एका खात्यातून रीतसर परवानगीने दुसऱ्या खात्यात गेलेल्याची पूर्वसेवा निवृत्तिवेतनासाठी धरली जाते. परवानगीवाचून गेला, तर तीच वर्षे वाया जातात. लेखणी तीच, टिपणेही तीच. सेवापुस्तक कौशल्य मोजीत नाही, बसलेला काळ मोजते, आणि तेही कोणाच्या अनुमतीने बसला हे पाहून. महाविद्यालयांनी निदान इतके आमच्यासारखे होऊ नये.

एवढे म्हटल्यावर मी सौदा नाकारणाऱ्यांच्या बाजूला जाईन असे वाटेल. रुची मला तिकडेच ओढते. कलनशास्त्र किंवा परभाषा हे हत्यार आहे. ते कोठे परजले याला महत्त्व नाही. इतिहास वा तत्त्वज्ञान यांचे तसे नाही. तेथे जाणत्या माणसासमोर आपले मत मोडून घेणे हेच शिक्षण, आणि ते परीक्षेच्या काही तासांत घडत नाही. पण ‘आमच्याकडचे शिक्षण अन्यत्र मिळत नाही’ असे म्हणणाऱ्याला विचारावे लागते, की त्या अधिक सत्राचे पैसे कोणी द्यावयाचे? डार्टमथसारखी धनाढ्य संस्था गरजू विद्यार्थ्याची अडचण आपल्या निधीतून भागवू शकते; तिचा आग्रह तिला शोभतो. सरकारी महाविद्यालयात सायंकाळी दुकानात काम करून शिकणाऱ्या मुलीला तोच आग्रह ऐकविणे हा निव्वळ रुबाब झाला. इलिनॉय राज्याने २०१५ साली कायदा करून आपल्या सार्वजनिक महाविद्यालयांना तीन गुणांवर श्रेयांक देणे भाग पाडले, ते मला यासाठी योग्य वाटते.

आपल्याकडे २०२१ पासून श्रेयांकांची पेढी आहे, आणि २०२३ च्या श्रेयांक आराखड्यात शालेय शिक्षणही मोजदादीत घेतले आहे. ज्यांची मुले बदल्यांमुळे तीन राज्यांच्या शाळा हिंडली, त्या आपल्यासारख्यांना यात आशा वाटणे साहजिक आहे. मात्र पेढीत जमा असलेली रक्कम समोरचे दुकान घेईलच असे नसते. तेथे कोणती नोट चालते आणि ती नाकारण्याचे कारण लेखी देतात काय, हे प्रवेशाच्या खिडकीशी उभे राहण्यापूर्वीच विचारून ठेवावे.